वहीतलं तेल

हिला पाणी लागत नाही.
रेडिएटर नाही, होज नाही,
झाकण उघडताच अंगावर येणारी वाफ नाही.
खानापूर तालुक्यात चालवायला
ह्याहून शहाणं इंजिन कुठलं?
वाऱ्यावर जगतं. पाकळ्यापाकळ्यांचं डोकं,
एक पंखा, आणि पोटात काळं तेल.

विटा ते खानापूर, मधे रेणावीचा घाट.
पासिंग सहा सीटचं, बसतात अकरा.
बाजारादिवशी मोजू नये.

तेल किती तापलं, ते सांगणारं मीटर
कंपनीनं दिलंच नव्हतं.
एक लाल दिवा दिला,
तो सगळं झाल्यावर लागतो.
वरातीमागून घोडं.

म्हणून वही केली. भाचीची, चौकटीची, निम्मी कोरी.
तारीख. किलोमीटर. तेल किती घातलं.
आणि घाट चढल्यावर
इंजिनाच्या पोटाला हात किती वेळ टिकला.
आठ मोजेपर्यंत टिकला, चला.
चारला सुटला, थांबा.

एकदा पुढं माझ्या शेजारी बलवडीचे सर्जेराव तात्या.
चाळीस वर्षं सेलमला चांदी गाळून आलेले.
मी हात लावताना बघून हसले.
"हात खोटं बोलतो रे, सवय झाली की.
थेंब टाक पाण्याचा."
बोट भिजवून त्यांनीच सोडला.
थेंब बसून राहिला, कडेकडेनं आटला.
"अजून शंभराच्या आत हाय.
चुरचुरला, तर गाडी सावलीला घे.
नाचाय लागला, तर माणसं उतरव."

पाणी न लागणाऱ्या गाडीला
एवढं पाणी लागतं.

मार्च: पाचशे किलोमीटरला पाव लिटर.
एप्रिल: साडेतीनशेला.
मे: दोनशे नव्वद. थेंब तीनदा चुरचुरला.

रोज सकाळी पट्टी काढायची, पुसायची,
परत घालून काढायची, उन्हाकडं धरायची.
वरची खूण, खालची खूण.
तेल रोज खालच्या खुणेशी बोलत बसलेलं.
रात्री गाडीखाली पुठ्ठा अंथरला.
सकाळी पुठ्ठा कोरा.
गळत नाही, सांडत नाही,
मग जातंय कुठं?

इलाही मेस्त्री म्हणाला,
"मागून बघितलीस का कधी?"

बावीस वर्षं चालवतोय.
मी कायम पुढं.

दुसऱ्या दिवशी तो बसला हँडलवर,
मी घाटाच्या तोंडाला टपरीपाशी उभा.
माझीच गाडी माझ्यापासून लांब जाताना
पहिल्यांदा बघितली. जरा वाकडी चालते.
पहिल्या वळणाला गिअर पडला
आणि निघाला. निळा.
काळा नाही, पांढरा नाही,
शाळेच्या गणवेशाचा धुऊन धुऊन उतरतो तसा निळा.
वहीतला मार्च, एप्रिल, मे
बाभळींवरून सावकाश चाललेला.

तीन महिने मागच्या सीटवरच्यांनी
हेच नाकात घेतलं असणार.
पदर लावला असेल, रुमाल लावला असेल.
कोणी बोललं नाही.
मीही आरशात बघितलं ते हात करणारं गिऱ्हाईक.

पत्रा खोलला. पाकळ्यांत बोटभर थर,
धूळ, तेल, कडब्याचा चुरा.
वाऱ्याला आत यायला जागाच नव्हती.
तारेच्या ब्रशनं घासून काढला,
नखं अजून काळी आहेत.
"ते झालं," इलाही म्हणाला, "पण रिंगाबी गेल्यात."
किंमत सांगितली.
मी म्हटलं, दसऱ्याला बघू.

तोवर अकराचे नऊ.
वहीत एक रकाना वाढवलाय: मागून.
खानापूरची एक पोरगी, विट्याला नववीत,
मागं तोंड करून बसते. तिला काम दिलंय.
चढाला ओरडते, "मामा, निळा!"
किंवा, "मामा, थोडाच!"
वर पोचलो की मी लिहितो.

काल शाळा उशिरा सुटली.
घाटात आवाज दिला तर म्हणाली,
"मामा, आज काहीच दिसत नाही.
अंधार पडलाय."

वर थांबून थेंब टाकला.
चुरचुरला की नाही, नीट ऐकू आलं नाही,
पोरं बोलत होती.
रकान्यात लिहिलं: दिसत नाही.
पाव लिटर घातलं.